होटगीची गाडी

सुनेचे कपडे कोंबलेली पिशवी नीलव्वाच्या मांडीवर होती. सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात येताना ती घरूनच घेऊन निघाली होती. लेकाला, संगमेशला, तिनं बजावलं होतं, "जिच्या रक्तात खोट निघंल, तिनं हितनंच होटगीची गाडी धरायची. माझ्या उंबऱ्यावर पाय न्हाय ठेवायचा." होटगी म्हणजे सुनेचं माहेर.

संगमेश खाली बघत बसला होता. आईपुढं त्याची मान कधी वर झालीच नव्हती.

सुनेच्या, शिवलीलाच्या, खांद्यावर चार वर्षांची उत्कर्षा लोंबत होती. मान धरत नव्हती, हाक ओळखत नव्हती. नीलव्वा नातीला 'गोळा' म्हणायची. आईच्या देखत.

तपासणीला लेकीचं आणि आईबापाचं रक्त गेलं होतं. नीलव्वानं आपणहून दंड पुढं केला होता. "माझंबी घ्या की. चांगलं कसं असतंय ते बघा तरी."

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं ओढले. "मेंदूच्या पेशीला पातळ पडदा असतो. त्यात काही प्रथिनं आरपार बसलेली असतात, अर्धी आत, अर्धी बाहेर. बाळाचा मेंदू घडताना ती बाहेरची खूण आत पोचवतात. मग पेशी आपली जागा धरते, शेजारणीशी जोडली जाते. हिच्यात त्यातलं एक प्रथिन धड बनतच नाही."

"अर्धं आत, अर्धं भायेर!" नीलव्वा हसली. "सुनेगत हाय की. अंग सासरी, जीव माहेरात. मग खोट कुनाची ते इचारायलाच नको."

शिवलीलानं लेकीची लाळ पुसली.

"तुम्ही दोघं नात्यातले का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"व्हय तर! सख्ख्या भावाची लेक केली. परकं रक्त घरात घेतलं न्हाय आमी." नीलव्वानं पदर सारखा केला. हळद निघायच्या आतच तिनं भाचीला दम भरला होता, आत्या माहेरी ऱ्हायली, हितं मी सासू.

"हा दोष एकाकडूनच आला असता, तर मुलगी चांगली असती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिला तोच दोष आईकडूनही आला, वडिलांकडूनही. अगदी तोच तुमच्या रक्तात आहे, आजी. लेकाला तुम्ही दिलात, सुनेला तुमच्या भावानं. एकाच घरातला आहे तो."

मग संगमेश उठला. बायकोच्या खांद्यावरून त्यानं लेकीला घेतलं आणि आईकडं न बघता बाहेर पडला.

नीलव्वानं घाईघाईनं पिशवी पुढं केली. "धर गं तुझी. चल घरी."

शिवलीलानं हात पुढं केला नाही.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळच, आत्या. माहेर एकच हाय की आपलं."