पस्तीस टक्क्यांवरचा मेळावा

पडद्यावरचं गोल चक्र फिरता फिरता थांबलं आणि हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. निळ्या पडद्यावर 'पस्तीस टक्के' आणि खाली 'संगणक बंद करू नका' एवढंच दिसत होतं. मंडळाचा लॅपटॉप सांभाळणाऱ्या परागने माउस हलवला, पेनड्राइव्ह काढून पाहिला, प्रोजेक्टरची वायर उपटून पुन्हा खोचली. पस्तीसचे छत्तीस काही होईनात.

उज्जैनच्या माधव नगरातल्या त्या हॉलमध्ये वधू-वर मेळाव्याला इंदूर, देवास, रतलामहून मराठी कुटुंबं आली होती. सगळ्या मुला-मुलींची माहिती त्या एका लॅपटॉपमध्ये. आधी छापील पुस्तिका निघायची, पण ती परागनेच मोठ्या हौसेने बंद करवली होती. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ते मोजावं लागतंच, हे आता त्याला कळत होतं.

"बंद करून चालू कर ना!" मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब म्हणाले. संगणकाबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं, पण ते फार अधिकाराने सांगत.

"नको भय्यासाहेब. अपडेटच्या मध्येच जबरदस्ती बंद केला तर पूरा डाटा उडेल. वाट बघावी लागेल."

"किती वेळ?"

"ते आता त्यालाच माहीत."

तिसऱ्या रांगेत देवश्री आईशेजारी बसली होती. नानाखेड्याच्या एका शाळेत ती भूगोल शिकवायची. हा शेवटचा मेळावा, यानंतर मला आणू नकोस, असं आईला बजावूनच ती आली होती. कारण साधं होतं. तिचं पान पडद्यावर आलं की फोटोखाली पहिलीच ओळ लाल अक्षरांत उमटे : 'घटस्फोटित'. भय्यासाहेब याला पारदर्शकता म्हणत. ती ओळ दिसली की लोक चहाला उठत. तिला संसार हवा होता आणि तसं म्हणायची तिला लाज नव्हती. त्या सरकणाऱ्या खुर्च्यांचा आवाज मात्र तिला घरी जाऊनही ऐकू येई.

मंडळाच्या सचिव वासंतीकाकू उठल्या. उज्जैन स्टेशनच्या आरक्षण खिडकीमागे त्यांची सगळी नोकरी झाली होती. सिस्टम बंद पडली की चिडलेल्या रांगेला हसतं ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांनी भय्यासाहेबांच्या हातातून माईक काढून घेतला.

"मंडळी, सिस्टम बैठ गई है. बसू दे बिचारीला. आता ज्याने त्याने उभं राहून आपलं आपण सांगायचं. आई-बाबांनी मध्ये बोलायचं नाही. पगार नि पत्रिका सगळ्यात शेवटी."

आयांमध्ये नाराजी पसरली. पहिला मुलगा नाव सांगून घाम पुसत खाली बसला. दुसरीचं बोलणं तिच्या मामांनीच पुरं केलं, तेव्हा काकूंनी मामांना सगळ्यांदेखत गप्प बसवलं. मग हळूहळू रंग भरला. रतलामच्या एकाने आपल्याला पुरणपोळी येते पण ती गोल होत नाही, असं कबूल केलं आणि त्याला टाळ्या पडल्या.

देवश्रीची पाळी आली. ती उभी राहिली, सवयीने पडद्याकडे पाहिलं. तिथे नुसते पस्तीस टक्के होते.

"मी भूगोल शिकवते," ती म्हणाली. "आपल्या उज्जैनजवळून कर्कवृत्त जातं. म्हणून एकवीस जूनला भर दुपारी मी मुलींना मैदानात उभं करते आणि म्हणते, शोधा आपली सावली. ती सापडत नाही. मग ज्या काही किंचाळतात! पालक तक्रार करतात, ऊन लागतं म्हणून. पण त्या मुली पुढे कधी अक्षांश विसरत नाहीत." ती हसली. "माझं एक लग्न झालं होतं. ते मोडलं. त्याबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. सांगेन."

तिच्या आईने मान खाली घातली. मागच्या रांगेतून देवासचा सौमित्र उभा राहिला. त्याच्या आईने त्याची बाही ओढली, पण तो काही बसला नाही.

"एक विचारू?" तो म्हणाला. "सावली पूरी गायब होते, की थोडीफार उरते?"

"उरते थोडी. पायांपाशी," देवश्री म्हणाली.

सगळे हसले. चहा केव्हाचा तयार होता, पण एकही खुर्ची सरकली नाही. जेवणाच्या वेळी सौमित्रची आई स्वतःची थाळी घेऊन देवश्रीच्या आईशेजारी जाऊन बसली आणि दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. पुढे काय व्हायचं ते होईल. पण इतक्या मेळाव्यांत पहिल्यांदाच देवश्रीला लोकांनी शेवटपर्यंत ऐकलं होतं, आणि ती पोटभर जेवली.

हॉल रिकामा होत असताना लॅपटॉप आपला आपण जागा झाला. सगळा डाटा जिथल्या तिथे होता. परागचा जीव भांड्यात पडला. पण एक गोष्ट त्याला उमगत नव्हती.

"काकू, हा अपडेट असा आपोआप सुरू होत नाही. पंधरा दिवस झाले, तो विचारतो आणि मी रोज 'नंतर'वर क्लिक करतो. आज सकाळी मी एक्स्टेंशन बोर्ड आणायला गेलो, तेवढ्यात हे झालं कसं?"

वासंतीकाकू सतरंजीची घडी घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"'आत्ता'वर मी दाबलं, बाळा. अडकवलं मात्र महाकालानं."