तीन सारख्या रेषा

"तांडेल, नाटकं बंद करा," ढेरंगेबाई मशीनवरची नजर न हलवता म्हणाल्या.

फुप्फुसांची ताकद साठ टक्क्यांखाली भरली, की काचेच्या छताखालच्या स्वच्छ हवेच्या वसाहतीत घर मिळायचं. म्हणून रोज कुणी ना कुणी मुद्दाम हळू फुंकायचं. पण खोटं बोलणाऱ्याला तीनदा सारखंच हळू फुंकणं जमत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. पडद्यावर तांडेलच्या तीन वेळच्या फुंकण्याच्या रेषा तीन दिशांना गेल्या होत्या.

"मध्येच खोकला येतो, बाई. दमा आहे मला."

"इथे आलं की सगळ्यांनाच दमा होतो. उठा."

"मशीन बिघडलंय तुमचं. तुम्ही फुंकून दाखवा."

त्याचं तोंड एकदाचं बंद करावं म्हणून बाईंनी नळी बदलली आणि छाती भरून, जीव खाऊन तीनदा फुंकलं.

पडद्यावरच्या तीन रेषा एकमेकींवर अशा बसल्या, की केसभरही फरक नव्हता. खाली आकडा आला, एकावन्न टक्के.

तांडेल खुर्चीतून वाकून बघत होता.

"मशीन बिघडलंय," बाई म्हणाल्या. अकरा वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणाचंही ऐकून घेतलं नव्हतं.