ओळखीच्या माणसाची सही

रांगेत पुढे अकराजण उरले होते, तेव्हा फोटोग्राफरला दारातून आत येणारे आपले व्याही दिसले.

मंदीत ज्यांचं काम बसलं, अशा स्वतःचा धंदा करणाऱ्यांना सरकार काही महिने मदत देणार होतं. अर्ज घ्यायचं काम एका खेळाच्या हॉलमध्ये चाललं होतं आणि आज शेवटचा दिवस होता. घराजवळही असाच एक हॉल होता. तो टाळून, दोन बस बदलून, फोटोग्राफर मुद्दाम इतक्या लांब आला होता. इथे आपल्याला कुत्रंही ओळखणार नाही, अशी त्याची खात्री होती.

व्याही सुतार होते, स्वतःचा छोटा कारखाना असलेले. फोटोग्राफरची लेक दीड वर्षापूर्वी त्यांच्या घरात सून म्हणून गेली होती. बापाने अशा रांगेत सापडावं आणि तेही लेकीच्या सासऱ्यालाच! त्याने हातातला अर्ज घाईघाईने खिशात कोंबला. तोवर सुतार समोर येऊन उभेही राहिले होते.

“व्याहीबुवा, तुम्ही इथे कुठे?”

“फोटो काढायला बोलावलंय,” फोटोग्राफर म्हणाला. “सरकारी काम. प्रसिद्धीला लागतात ना त्यांना.”

खोटं इतक्या सफाईने तोंडातून निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. सुतारांचा चेहरा मात्र खरोखर मोकळा झाला.

“बरं झालं. तुमचं तरी चालू आहे.” मग त्यांनी आवाज उतरवला. “एवढं करा, माझा फोटो येऊ देऊ नका. आणि सूनबाईला काही बोलू नका. तिला वाटतं, कारखाना चालू आहे. रोज सकाळी निघतो, दिवसभर बागेत बसून राहतो. घरी जाताना कारखान्याचं कुलूप काढून सदऱ्यावर थोडा भुसा उडवून घेतो.”

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण “बघतो मी,” एवढं पुटपुटून तो रांगेतून बाहेर पडला. सुतार मागे जाऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले.

आता काहीतरी करून दाखवणं भाग होतं. कॅमेरा त्याने गेल्याच महिन्यात विकला होता. त्याने मोबाइल काढला आणि रांगेसमोर धरला.

पहिल्या बाईने पर्स तोंडासमोर घेतली. तिच्या मागच्या माणसाने पाठ फिरवली. त्याच्या मागच्याला पायातला बूट एकदम सैल वाटू लागला. मग एकेक करत सगळी रांग वळली, वाकली, कागदाआड गेली. लग्नात, बारशात, शाळेत, तीस वर्षं फोटोग्राफर लोकांना मान वर करायला सांगत आला होता. आज त्याच्यासमोर नुसत्या माना खाली घातलेली डोकी होती.

“कोणाला दाखवणार आहात आम्हाला?” जाड भिंगाच्या चष्म्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

फोटोग्राफरने मोबाइल खाली केला. तसाच तो रांगेच्या शेवटाकडे चालत गेला आणि सुतारांसमोर उभा राहून त्याने खिशातला चुरगळलेला अर्ज काढला.

“मीही याच्यासाठीच आलोय,” तो म्हणाला.

सुतार अर्जाकडे बघत राहिले. त्याच्या तोंडाकडे त्यांनी बघितलं नाही. मग ते एक पाऊल मागे सरकले. “या. पुढे उभे राहा.”

रांग हलत होती. थोड्या वेळाने सुतारांनीच हळूच विचारलं, “ती शेवटची सही कोणाची घेतलीत?”

अर्जाच्या तळाला एक चौकट होती. अर्जदाराला ओळखणाऱ्या, धंदा करणाऱ्या दुसऱ्या माणसाची सही तिथे हवी होती.

“कोणाचीच नाही. सही मागायची म्हणजे त्याला सगळं सांगावं लागलं असतं.”

“माझंही तेच,” सुतार म्हणाले.

फोटोग्राफर वाकला. सुतारांनी त्याच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. मग सुतार वाकले.

टेबलाशी बसलेल्या बाई सकाळपासून तेच तेच विचारून कंटाळल्या होत्या. “सही करणारे हेच का? बरंय. नात्यातले नाहीत ना? नात्यातल्या माणसाची सही चालत नाही.”

फोटोग्राफरने मागे बघितलं. सुतार जमिनीवर आखलेल्या खेळाच्या पट्ट्यांकडे बघत होते.

“नाही,” फोटोग्राफर म्हणाला. “कामातली ओळख आहे.”

बाईंनी शिक्का मारला. मग सुतार पुढे झाले आणि तोच प्रश्न आला. “नाही,” तेही म्हणाले. दुसरा शिक्का बसला.

दोघांचा बसस्टॉप एकच होता. फोटोग्राफर बाकाच्या या टोकाला बसला, सुतार त्या टोकाला. मधे आणखी दोघं सहज बसले असते.

“लेक बरी आहे ना?” शेवटी फोटोग्राफरने विचारलं.

“मजेत आहे,” रस्त्याकडे बघत सुतार म्हणाले. “परवाच सांगत होती, बाबांना सध्या इतकं काम आहे, की दोन मिनिटं फोनवर बोलायलाही सवड होत नाही.”