पुढची खुर्ची

नावेत माणसं तीन, मासेमारीचे रॉड सात, कॉफीचा थर्मास एक, सॉसेज घातलेल्या बिस्किटांच्या पुरचुंड्या चार. हातमोजे पाच, कारण डेनीचा उजवा मोजा धक्क्यावरच पाण्यात पडला होता. हात शेकायची पितळी डबी एकच. हवा गोठणबिंदूच्या सहा अंश खाली, तळ्याचं पाणी पाच अंश वर.

डबी म्हाताऱ्या ऑर्विल टॅकेटची. आत इंधनात भिजलेला कापूस धुमसायचा आणि डबी दुपारपर्यंत गरम राहायची. ऑर्विलनं ती कोटातून काढली, तळहातांत एकदा दाबली आणि शेजारी बसलेल्या जावयाच्या, कर्टच्या हातात ठेवली.

"घे. तुझी बोटं निळी पडलीत."

मागच्या खुर्चीवर डेनीनं आपल्या उघड्या उजव्या हाताकडे पाहिलं. तीही बोटं निळीच होती.

"घ्या, घ्या, जावईबापू," तो म्हणाला. "सासऱ्याच्या नावेत हात गारठले, तर माझी बहीण आम्हा बापलेकांना जेवायला वाढायची नाही."

कर्ट हसला. "तुला हवी तर तू घे ना."

"मला कशाला?"

"त्याला लहानपणापासून थंडी वाजतच नाही," ऑर्विल कौतुकानं म्हणाला.

डेनीला हे आजच कळत होतं.

कडेच्या कड्याखाली नाव उभी होती. पुढची खुर्ची रिकामी होती. टॅकेटांच्या नावेत नववर्षाच्या दिवशी किमान पंधरा इंचांचा पहिला बास मासा ज्याचा, पुढची खुर्ची वर्षभर त्याची. नावेच्या मोटारीच्या पेडलवर पाय त्याचा, नाव कुठं न्यायची ते त्यानं ठरवायचं. आपला मासा आपण मोजायचा नाही, दुसऱ्यानं मोजायचा. अकरा वर्षं खुर्ची ऑर्विलकडेच राहिली होती. आज धक्क्यावर तो म्हणाला, "गुडघे संपले माझे. मी आता कायमचा मधे बसणार. पुढचं तुम्ही दोघं बघा."

तुम्ही दोघं. डेनी सकाळपासून ते दोन शब्द चघळत होता.

एवढ्या थंडीत बास तळाशी सुस्त पडून असतो. तो गळ ओढत नाही, नुसता तोंडात धरतो. दोरी किंचित जड होते, तळाच्या ओल्या पानात अडकल्यासारखी. बोटाला कळलं तर कळलं. डेनीनं दोरीखाली उजवं बोट धरलं होतं. बोटाला दोरीसुद्धा लागत नव्हती. रॉडच्या कड्यांत बर्फ धरला की तो रॉडचं टोक पाण्यात बुडवायचा, वर काढायचा, पुन्हा बुडवायचा. कर्ट एक हात डबीवर शेकत होता, मग हात बदलत होता.

"आहे," कर्ट हळूच म्हणाला आणि त्यानं रॉड वर खेचला.

ऑर्विल गुडघे विसरून उभा राहिला. "सैल सोड! अरे, सैल! बाई आहे ती, बैल नाही, ओढतोस काय!"

त्यानंच जाळं लावलं. मासा हिरवा, पोटाशी गुबगुबीत.

"डेनी, मोज."

डेनीनं डावा मोजा काढला, हात ओले केले आणि दोघांकडे पाठ करून मासा मापपट्टीवर ठेवला. तोंड मिटलेलं हवं. नाक पट्टीच्या टोकाला टेकलेलं हवं. शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत धरून एकत्र आणायची. तेवढ्यानं माप दोन-तीन सूत, म्हणजे पाव इंच किंवा थोडं जास्तच, वाढतं. डेनीनं चिमूट शेपटीवर नेली. नुसती नेली.

"पावणेपंधरा," तो म्हणाला.

"हात्तिच्या! मला मोठा वाटला होता," कर्ट म्हणाला. "जाऊ दे, सोड त्याला." आणि तो गळावरचा चिखल पुसू लागला. पट्टीकडे त्यानं मान वळवूनही पाहिलं नाही.

"थांब," ऑर्विल म्हणाला. त्यानं मासा उचलून नावेतल्या पाण्याच्या टाकीत सोडला. "हात दाखव."

डेनीनं हात पुढे केले. म्हाताऱ्यानं ते मनगटाला धरले, कोटाची चेन खाली ओढली, आणि शर्टाच्या आत, दोन्ही काखांत, डेनीचे ते ओले, बुळबुळीत हात कोंबले. म्हातारा नखशिखांत शहारला. मग त्यानं वरून आपले दंड घट्ट आवळले.

"बाबा, काय हे! कर्ट बघतोय."

"बघू दे की. गप उभा राहा."

दोघांचे चेहरे वीतभर अंतरावर होते. डेनीनं नजर खाली घातली.

"असल्या बोटांनी शेपटी दाबली जाते का कुठं?" ऑर्विल म्हणाला. आवाज एवढा हळू की मधल्या खुर्चीपर्यंत गेला नसावा.

आधी डेनीच्या बोटांत काहीच नव्हतं. मग टोचायला लागलं, मग आग व्हायला लागली. ऑर्विलचे ओठ हलत होते. तो आकडे मोजत होता. शंभर झाले तेव्हा त्यानं दंड सैल केले.

"हं. आता मोज."

डेनीनं टाकीत हात घातला. मासा पट्टीवर ठेवला, तोंड मिटलं, नाक टेकवलं. शेपटीचे काटे एकेक करून बोटांना लागले. त्यानं ते चिमटीत एकत्र आणले आणि वाकून पट्टी वाचली.

"पंधरा इंच," तो म्हणाला, "एक सूत."