मोहरीचे दोन ट्रे

सळई थंडगार निघाली.

काकीनं ती पुन्हा ढिगाच्या पोटात खुपसली, शंभर आकडे मोजले, ओढून तळहातावर धरली. दोन महिन्यांपूर्वी याच सळईनं हात पोळला होता.

"मेला ढीग," ती म्हणाली.

"मेला नाही, आई. जेवण झालंय त्याचं," सून म्हणाली. "तेल होतं तोवर मातीतले जीव खात होते, म्हणून ऊब होती. तेल संपलं, ऊब गेली."

"हो का? आणि हे तुला त्या जिवांनी येऊन सांगितलं?"

सुनेला पाचवा महिना होता, भांडायला दम पुरत नव्हता.

जुन्या डिझेल डेपोतली सात ट्रक तेलकट माती होती ती. शेण, भुसा, पेंढा कालवून, पाणी शिंपडून, दर तिसऱ्या दिवशी खालची वर करून काकीनं सहा महिने ती लेकरासारखी सांभाळली होती. माती साफ ठरली तर या माती-सफाईच्या आवाराचा परवाना पुढे चालू. नाहीतर फाटकाला कुलूप. मुलगा, सून, चार कामगार, सगळ्यांची चूल त्या एका ढिगावर.

तपासणीवाली बाई तीन दिवसांपूर्वी येऊन गेली होती. ढिगातली माती तिनं पाच जागांहून घेतली. मग म्हणाली, "ताडून बघायला एखादी चांगली माती हवी."

"माझ्या परसातली न्या," काकी ताठ मानेनं म्हणाली. "आख्ख्या आळीत असं स्वच्छ परस दाखवा मला. गवताची काडी दिसायची नाही."

खोटं नव्हतं ते. नवरा होता तोवर त्याचं गॅरेज परसातच होतं, पण काकीनं दारात एक डाग राहू दिला नव्हता. संध्याकाळ झाली की गॅरेजातल्या काळ्या तेलाची बादली उचलायची, कुंपणाशी रिकामी करायची, वर खराटा फिरवायचा. तीस वर्षं.

बाईनं दोन्हीकडची माती चाळली, वाळू कालवून दिसायला एकसारखी करून टाकली. दोन ट्रे भरले, दोन्हींत वीस-वीस मोहऱ्या पेरल्या. आइस्क्रीमच्या काड्यांवर एक आणि दोन लिहून खोचल्या. कुठला आकडा कुठल्या मातीचा, ती चिठ्ठी स्वतःच्या पर्समध्ये घातली.

"म्हणजे कोणाचे लाड व्हायला नकोत," बाई हसली. पाण्याची बाटलीही तिनंच ठेवली. "रोज एक-एक कप. दुसरं पाणी नाही."

ट्रे ऑफिसच्या खोलीत गेले आणि खोलीची किल्ली काकीच्या कमरेला. आत दुसऱ्या कोणाला पाऊल टाकू दिलं नाही. सुनेनं खिडकीला नाक लावून बघायचं, तेवढंच.

चौथ्या दिवशी एका ट्रेत कोंब आले. सहाव्या दिवशी तो हिरवागार झाला. दुसरा बोडकाच्या बोडका.

"बघ," काकी म्हणाली. "झाली ना सहा महिन्यांची माती. बोडका तो आपला ढीग."

"आकडा कोणाचा ते आपल्याला कुठे ठाऊक?"

"मला देवानं डोळे दिलेत, आकडे घेऊन काय करू? नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुझं चाललंय. पेंढा कमी टाक म्हणाली होतीस ना? घे आता."

त्या दिवशी तिनं ढीग पुन्हा उलटवला. स्वतः फावडं मारलं. कामगारांना आळशी म्हणाली, मुलाला बैल म्हणाली, ढिगाला तर काय काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही. ढीग थंडच राहिला.

जेवताना सुनेनं पाणी बाजूला सारलं.

"परसातल्या विहिरीच्या पाण्याला वास येतो, आई. काठाशी वाकलं की आणखी."

"वास येतो म्हणे! तुझा नवरा याच पाण्यावर वाढलाय. माहेरच्या नळाला काय अत्तर यायचं? पी मुकाट्यानं. पोटातल्याला तरी तहानेनं मारू नकोस."

सून प्यायली.

आठव्या दिवशी सकाळी बाई यायच्या आधी काकी एकटीच खोलीत गेली. बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा नखांत माती होती. तिनं ती पदराला पुसली आणि पुन्हा कुलूप लावलं. आयुष्यात तिनं कोणाची सुईसुद्धा ढापली नव्हती.

बाई दहाला आली. पर्समधून चिठ्ठी काढून तिनं मोठ्यानं वाचली.

"एक नंबर, ढीग. दोन नंबर, परस."

मग ती ट्रेंवर वाकली. काड्या बघितल्या, कोंब मोजले, पुन्हा काड्या बघितल्या. चष्मा काढला.

"काकी, सांगायला जड जातंय. एक नंबरात काहीच नाही. ढीग नापास. दोनमध्ये मात्र विसातले अठरा. तुमचं परस झकास आहे, खुशाल भाजी लावा."

जिच्या जिभेला कधी हाड नव्हतं, ती काकी ट्रेतल्या काड्यांकडे बघत उभी राहिली.

"एवढे सहा महिने," सून म्हणाली आणि मटकन स्टुलावर बसली. टेबलावर घरच्या विहिरीची भरून आणलेली कळशी होती. तिनं फुलपात्र भरून ओठांना लावलं.

काकीनं झडप घालून ते उडवलं. फुलपात्र भिंतीवर आपटलं, पाणी फरशीवर पसरलं.

"आई! काय झालं तुम्हाला?"

"एक थेंब पिऊ नकोस," काकी म्हणाली. मग बाईकडे वळली. मान अजून ताठच होती, आवाज तेवढा खाली गेला होता.

"काड्या मी आपसात बदलल्यात, बाई. आज सकाळी."