मागावरची चादर

आमच्या मागावर नक्षी पाठवणारं जुनं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालेना, म्हणून मी त्याच्या आतच एक जुना, आभासी कॉम्प्युटर उभा केला. नक्षी उघडली, पण मागापर्यंत पोचेना.

“भंगारात घाला वहिनी, नवा माग पाठवतो,” मागाच्या कंपनीचा इंजिनिअर फोनवर म्हणाला. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बंद मागावर चादर घातली.

तीन दिवस सेटिंग उलटसुलट केली. चौथ्या दिवशी माझाच गाढवपणा दिसला. आतला कॉम्प्युटर मी वायफायला जोडला होता आणि माग होता केबलवर. जोडणी केबलवर वळवली.

“मामा, चादर काढा.”

माग खडखडला, कमळाची पहिली पाकळी विणली जाऊ लागली. तेवढ्यात इंजिनिअरचा फोन आला. “मग, पाठवू ना नवा?”

मामांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि चालत्या मागाजवळ धरला.