चाळिसावा क्रमांक

अमेरिकेतल्या एका चार्टर शाळेत, म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या आणि सोडतीने प्रवेश देणाऱ्या शाळेत, फेब्रुवारीत तिसरीची एक जागा रिकामी झाली, आणि ऑफिसातल्या व्हर्नेटच्या मागे फोन करण्याचं काम लागलं. आमदारांनी नवा कायदाच केला होता : प्रतीक्षायादीतल्यांना क्रमानेच फोन करायचा, उत्तराला प्रत्येकी शाळेचे दोन दिवस द्यायचे. कुणी गाव सोडलेलं, कुणी फोनच उचलत नव्हतं. तरी दोन दिवस थांबायचंच.

शाळेच्या स्वयंपाकघरातली डेलफिना रोज दुपारी तिला कॉफी आणून द्यायची. डेलफिनाच्या लेकीचा यादीत क्रमांक चाळिसावा.

"आज कितवा?"

"अठरावा. मधे घुसवता येत नाही गं, माझी नोकरी जाईल."

"मी कुठे काय म्हणतेय? कॉफी पी."

अखेर एका दुपारी व्हर्नेटने चाळिसावा फोन लावला. समोरच उभ्या असलेल्या डेलफिनाच्या एप्रनचा खिसा वाजला.

"उचल बाई. फोनवरच सांगावं लागतं."

डेलफिनाने फोन कानाला लावला.

"तुमच्या मुलीला यंदाच्या तिसरीत जागा मिळाली आहे. दोन दिवसांत कळवा."

"आणि उन्हाळ्याची सुट्टी कधी लागते?"

व्हर्नेटने डोळे मिटून घेतले.

"परवा."